नटावरचा पिवळा पट्टा

टाय-रॉडच्या चारही नटांवरचा पिवळा पट्टा माझ्या हातचा होता, मिस्त्रींच्या नाही. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तिच्या भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या मिस्त्रींना तर नाहीच.

गाडी म्हणजे लष्कराने लिलावात काढलेला जुना एक टनाचा ट्रक, चारही चाकांना जोर जाणारा. वयाने माझ्याहून मोठा. मी एका सरकारी कार्यालयात नकाशे काढतो. मला शेती नाही, कुठे माल वाहायचा नाही, त्यामुळे हा ट्रक मी का घेतला याचं पटेलसं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं. प्रताप नगरला घरासमोर तो पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा समोरच्यांनी विचारलं, पाण्याचा टँकर कधीपासून सुरू केला म्हणून. बायकोने त्यावर आठवडाभर तरी काही बोलणं टाळलं.

इंजिन उत्तम होतं. अडचण स्टीअरिंगची होती. हातातलं चाक पाव फेरा फिरवलं तरी खाली काही हलायचं नाही, आणि हललं की मागितल्यापेक्षा जास्त हलायचं. सरळ रस्त्यावर गाडी सरळ ठेवण्यासाठी मी सतत डावी-उजवी करत राहायचो. चाळीसच्या वर वेग गेला आणि एखादा खड्डा लागला की पुढची चाकं थरथरायला लागत, ती थरथर स्टीअरिंगमधून दंडापर्यंत यायची आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत जायची नाही.

माझे मोठे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, वाडीला ट्रान्सपोर्टचा धंदा करतात. अमरावती रोडला त्यांचं गोडाऊन आहे आणि नऊ ट्रक आहेत. ते एकदा माझ्या शेजारी बसून दोन किलोमीटर आले आणि उतरताना म्हणाले, "जवाईबापू, गाडी तुमी चालवून राहिले का गाडी तुमाले चालवून राहिली, काही समजत नाही. आमच्या मिस्त्रीकडं घेऊन जा. तो पुढच्या चाकाचाच डॉक्टर आहे, बाकी काही पाहत नाही."

ते खरंच बाकी काही पाहत नसत. वाडीत गोडाऊनांच्या मागे पत्र्याची शेड, तिच्याच मागे राहायची खोली. मिस्त्री साठीला आलेले, डावखुरे, बोलायला कमी. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मला सीटवर बसवलं, स्वतः खाली गेले आणि एकेका सांध्यावर तळहात ठेवून म्हणत राहिले, "हलवा. बस. हलवा. बस." तासभर हे चाललं. बाहेर आले तेव्हा पाठीला चिकटलेली माती न झटकताच म्हणाले, "साहेब, ढिल एका ठिकानी नाही, सात ठिकानी हाय. सगळ्याइनं थोडं थोडं खाल्लं, अन् चाकापर्यंत जायले काहीच नाही उरलं."

पुढचे दोन महिने मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसलो. चाक ज्या खुंटीवर वळतं ती किंगपिन त्यांनी दोन्ही बाजूंची बदलली. रॉडच्या टोकांचे गोल सांधे बदलले. स्टीअरिंगची पेटी उघडून तिच्यातलं अंतर कागदासारख्या पातळ पत्र्या घालून भरून काढलं. एकेक काम झालं की पुन्हा मला सीटवर बसवत आणि खालून म्हणत, "हलवा." मला ते बघायला आवडायचं. कार्यालयात माझं काम कागदावर संपतं, पुढे त्या रेघेचं काय होतं हे मला दिसत नाही. इथे दिसत होतं.

शेवटी चाकांची दिशा लावायची राहिली. पुढची दोन चाकं अगदी समांतर ठेवत नाहीत, पुढच्या अंगाने किंचित आत झुकवतात, तेव्हाच गाडी सरळ चालते. मिस्त्री हा फरक सुतात मोजत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा फरक टाय-रॉडवर ठरतो. टाय-रॉड म्हणजे दोन चाकांना जोडणारी आडवी नळी. ती फिरवली की लांब किंवा आखूड होते, आणि मग दोन्ही टोकांना क्लॅम्पचे, म्हणजे तिला चिमटून धरणाऱ्या कड्यांचे, दोन-दोन नट आवळून ती जागच्या जागी पक्की करायची. मिस्त्रींकडे मशीन नव्हतं. ते टायरला चुना लावत, चाक फिरवून खिळ्याने त्यावर रेघ ओढत, आणि दोन खिळे ठोकलेल्या बांबूच्या काठीने दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजत. पण मोजण्याआधी एक गोष्ट ते कधी चुकवत नसत. गाडी जॅकवरून उतरवायची आणि चार हात पुढे लोटायची.

"कशाला?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"जॅकवर गाडी खोटं बोलते, साहेब. पाय लटकलेले असते तिचे. जमिनीवर ठेवा, चालवा थोडी, तिले बसू द्या. मंग इचारा."

त्या रविवारी आम्ही दोघांनी आणि शेडसमोर थांबलेल्या एका ड्रायव्हरने मिळून ट्रक लोटला. एक सूत आलं. मिस्त्री खाली गेले, पान्याच्या दांड्यावर हातभर लांब पाइप चढवला आणि चारही नट कसले. कसून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि चारही पुन्हा कसले. दुसऱ्या वेळी एकही नट हलला नाही. मी वाकून बघत होतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. मी बघत होतो.

मग त्यांनी रंगाचा डबा मागितला. हा त्यांचा रिवाज होता. कसलेल्या प्रत्येक नटावरून बोल्टच्या टोकापर्यंत ब्रशाने पिवळ्या ऑइलपेंटचा एक पट्टा ओढायचा. नट जरा जरी फिरला तरी पट्टा तुटतो. वाडीतले ड्रायव्हर लोक त्याला मिस्त्रींची सहीच म्हणत. मिस्त्रींचा नियम असा होता की पट्टा साबूत आहे तोवर काम त्यांचं, काही झालं तर जबाबदारी त्यांची. पट्टा तुटला की गाडीचा आणि त्यांचा संबंध संपला. यात सूट नव्हती. एका ड्रायव्हरने रस्त्यात आवाज येतो म्हणून स्वतःच नट आवळून गाडी आणली होती. मिस्त्रींनी खाली डोकावून पाहिलं आणि उठून हात पुसायला लागले.

"काहून? काय झालं?" ड्रायव्हर म्हणाला.

"तुया हातानं सुरू केलं ना? मंग तुयाच हातानं संपव गा."

तो अर्धा तास विनवण्या करत होता. मिस्त्रींनी त्याला चहा पाजला, पण गाडीला हात लावला नाही.

माझी गाडी आता वेगळी झाली होती. स्टीअरिंग पूर्वीपेक्षा जड लागायचं, पण वळण घेऊन सोडलं की आपोआप सरळ व्हायचं. साठच्या वेगाला खड्ड्यातून गेलो तरी थरथर नाही. फक्त एक होतं. हात सैल सोडला की गाडी अगदी हळू डावीकडे सरकायची. मी मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "रस्ताच डावीकडं उतरता असते, साहेब. आठ दिवस चालवा. मंग पाहू."

मला ते पुरेसं वाटलं नाही. आयुष्यभर रेघा ओढल्यामुळे असेल, रेघ जराशी वाकडी दिसली की मला स्वस्थ बसवत नाही. त्यात दसरा आला. दसऱ्याला वाडीत मेहुण्यांच्या गोडाऊनसमोर ट्रकांची पूजा असते, आजूबाजूचे ट्रान्सपोर्टवाले जमतात. मेहुणे दुपारी आमच्याकडे जेवायला येणार होते आणि तिथून माझ्याच ट्रकमध्ये बसून वाडीला जाणार होते. "सगळ्याइले दाखवतो जवाईबापूची गाडी," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. ती गाडी डावीकडे सरकते हे मला त्या लोकांसमोर नको होतं. नवमीच्या संध्याकाळी मी पुन्हा मिस्त्रींना फोन केला.

"आता नाही जमत, साहेब. हत्यारं धुऊन पूजेत ठेवली. आराम करून राहिली. परवा उठतीन."

त्यांच्याकडे खंडेनवमीला पाने, जॅक, ती बांबूची काठी, सगळं लाल कपड्यावर मांडून हळदकुंकू वाहतात आणि दसरा संपेपर्यंत कशालाही हात लावत नाहीत. आमच्याकडेही थोडं असतंच. बायकोने माझी जुनी कंपासपेटी आणि पट्ट्या देवासमोर ठेवल्या होत्या. तिने विचारलं, "अहो, गाडीचे पाने कुठं आहेत? तेही द्या ना." मी म्हटलं, गाडीतच राहिले. ते मी शिडीखाली पोत्यात ठेवले होते.

दसऱ्याच्या सकाळी साडेसातला मी गाडीखाली गेलो. पाव फेऱ्याचं तर काम, असं स्वतःला सांगितलं होतं. नट सोडताना पट्टा बारीक आवाज करून तडकला. नळी फिरवून गाडीची एका बाजूची ओढ जात नाही, ती दुसऱ्या कारणाने असते, हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं आणि ठाऊक आहे असं वाटत होतं. मी चुना लावला, रेघा ओढल्या, मिस्त्री करायचे ते सगळं केलं. गाडी तेवढी लोटली नाही. एकट्याने लोटणं शक्य नव्हतं. समोरच्यांना हाक मारली असती तर ते बनियनवर धावत आले असते, पण त्यांनी काय करताय हे विचारलं असतं. म्हणून चाकं जॅकवर लटकलेली असतानाच मी मोजलं. एक सूत आलं. मला समाधान वाटलं.

नट कसायला माझ्याकडे पाइप नव्हता. उताणं पडून दोन्ही हात वर करून आखूड पान्याने जेवढे कसले गेले तेवढे कसले. घरातून आरतीची घंटा सुरू झाली होती.

मग ते तडकलेले पट्टे राहिले. मला अपघाताची कल्पना नव्हती. मला एवढीच भीती होती की मिस्त्रींना दिसेल आणि ते मला चहा पाजून परत पाठवतील. फाटकावर घराचा नंबर रंगवून उरलेला पिवळा ऑइलपेंट माझ्याकडे होता. तो जरा फिका होता, म्हणून लाल रंगाचा एक थेंब घालून जुळवला. मिस्त्री डावखुरे असल्यामुळे त्यांचा पट्टा उजवीकडे जाड सुरू व्हायचा आणि डावीकडे शेपटासारखा निमुळता व्हायचा. मी ब्रश डाव्या हातात घेतला. पहिला नीट जमला नाही, उरलेले तीन चांगले आले. रंग सुकल्यावर नवा दिसू नये म्हणून वर रस्त्यावरची धूळ चोळली. हे सगळं करायला मला नट कसायला लागला त्याहून जास्त वेळ लागला. आणि खरं सांगायचं तर ते काम मी जास्त मन लावून केलं.

तीनच्या सुमारास आम्ही निघालो. दसऱ्याला दीक्षाभूमीकडचे रस्ते गर्दीने बंद असतात, म्हणून रिंग रोडने हिंगणा टी-पॉइंट गाठला आणि कारखान्यांच्या मधल्या रस्त्याने वाडीकडे वळलो. कारखाने बंद, रस्ता रिकामा. स्टीअरिंग हलकं लागत होतं आणि मला ती माझी कामगिरी वाटत होती. मेहुणे मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन बसले होते.

"मस्त चालून राहिली, बापू," ते म्हणाले. "मिस्त्रीच्या हाताले मानलं पाहिजे."

त्यानंतर दोनेक मिनिटांनी एक गतिरोधक आला. त्याच्यावरून पुढची चाकं खाली आपटली आणि थरथर सुरू झाली. पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी. स्टीअरिंग हातातून उपटल्यासारखं गेलं, गाडी डावीकडे वळली, उथळ नालीत उतरली आणि एका बंद कारखान्याच्या भिंतीला लागून थांबली. मला खरचटलंही नाही. मेहुण्यांनी उजवा हात समोर टेकवला होता. त्यांनी तो उचलून बघितला. मनगटाच्या खाली तो भलत्याच दिशेला गेला होता.

"हा गेला वाटते," ते म्हणाले. मग पायाशी सांडलेली पानं डाव्या हाताने गोळा करायला लागले.

प्लास्टर घालून आम्ही वाडीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ट्रकांची पूजा त्यांनी डाव्या हाताने केली. जो येईल तो विचारायचा आणि ते प्रत्येकाला तेच सांगायचे, "मिस्त्रीनं ढिलं सोडलं, दुसरं काय." मी त्यांच्या शेजारीच खुर्चीवर बसलो होतो. लोक मला पानं देत होते, सोनं घ्या म्हणत होते. मीही देत होतो.

माझ्या ट्रकला मेहुण्यांच्या एका ट्रकने ओढून मिस्त्रींच्या शेडसमोर नेलं. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. चार-सहा ड्रायव्हर आधीच जमले होते. मिस्त्री खाली गेले आणि टाय-रॉडला हात लावला. नळी पान्याशिवाय नुसत्या हाताने फिरली. त्यांनी विजेरी मागितली. मी वाकून बघितलं तर ते एकेका नटाशी चेहरा नेऊन पट्टा बघत होते. एका पट्ट्यावर त्यांचं नख गेलं. त्यांनी खरवडलं असतं तर खाली जुन्या रंगाचा थर लागला असता. पण त्यांनी नख मागे घेतलं. स्वतःची सही कोणी खरवडून बघत नाही.

बाहेर येऊन ते उभे राहिले.

"काय गा मिस्त्री," मेहुणे म्हणाले, "काहून झालं असं?"

"पट्टा साबूत हाय, शेठ. चारी साबूत हायेत." ते माझ्याकडे किंवा मेहुण्यांकडे बघत नव्हते, गाडीकडे बघत होते. "म्हनजे मीच ढिलं सोडलं. चूक माही हाय."

"अन् माह्या हातावर सोडलं," मेहुणे प्लास्टर दाखवत म्हणाले. एक-दोघं हसले. मिस्त्रींनी हात जोडले. साठीचा माणूस, वीस-पंचवीस वर्षं ज्या लोकांच्या गाड्या बघितल्या त्यांच्यासमोर हात जोडून उभा होता. मी तेव्हा बोललो असतो तर दोन वाक्यांत सगळं संपलं असतं. मला आठवतं ते इतकंच की मी घसा खाकरला आणि मेहुण्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "जाऊ द्या बापू, काही बोलू नका. गरीब माणूस आहे."

दोन आठवड्यांनी मिस्त्रींनी गाडी दुरुस्त करून दिली. भिंतीला लागलेला भाग सरळ केला होता, नळी नवीन होती, स्टीअरिंग पहिल्यासारखं जड आणि सरळ. मी खाली वाकून बघितलं. नटांवर पट्टा नव्हता.

"पट्टा, मिस्त्री?"

"आता कायचा पट्टा, साहेब."

चहा आला. त्यांनी पेला हातात धरला. मग म्हणाले, "एक इचारू? त्या रविवारी तुमी इथंच होते. वाकून पाहून राहिले होते. मी नट कसले होते का नाही? मले तर आठवते का पाइप लावला होता. दोन डाव कसले होते, असं आठवते. पन हे खरं आठवते का दुसऱ्या कोन्या गाडीचं आठवते, हे समजून नाही राहिलं. तुमी पायलं असन तर सांगा."

मी म्हटलं, "लक्षात नाही."

"बरोबर हाय," ते म्हणाले. "तुमचं काय ध्यान रायते त्याच्यात."

मी पट्ट्याबद्दल गप्प बसलो, त्याला भीती म्हणता येईल. पण हे जे मी बोललो ते गप्प बसणं नव्हतं. जगात एकच माणूस त्यांना त्यांची आठवण खरी आहे असं सांगू शकत होता, आणि त्यांनी नेमकं त्यालाच विचारलं होतं. मी लक्षात नाही म्हणालो. पट्टे रंगवले त्यापेक्षा या उत्तराने मिस्त्रींचं जास्त नुकसान केलं, असं मला वाटतं.

मेहुण्यांनी त्यांचे ट्रक दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. तिथे संगणकाचं मशीन आहे. त्यांचं बघून इतरांनीही नेले. पण शेड त्यामुळे बंद पडली नसती, कारण जुने ड्रायव्हर तरीही यायचे. मिस्त्रींनीच स्टीअरिंगचं काम घेणं सोडलं. ग्रीस भरून देत, चाक बदलून देत, आणि पुढच्या सांध्यांची गोष्ट निघाली की म्हणत, "ते नका सांगू मले. या हाताचा आता भरोसा नाही."

एकदा मी काही तरी निमित्त काढून गेलो तर ते नव्हते. मागच्या खोलीतून त्यांची बायको बाहेर आली. मला ओळखत होती. म्हणाली, "भाऊ, तुमीच समजवा बरं ह्याइले. घरातली नळाची तोटी बी तीन-तीन डाव कसून पायते. दोन वायसर फाटले. दवाखान्यात नेलं हात दाखवाले. डॉक्टरनं बॉल दाबाले लावला, म्हने हात एकदम चांगला हाय. तर म्हनते, डॉक्टरले नटाचं काय समजते."

मी समजावतो म्हणालो. काय समजावणार होतो ते माझं मलाच ठाऊक.

वर्षभराने शेड दुसऱ्या कोणी घेतली. मिस्त्री बायकोला घेऊन कन्हानला मुलीकडे गेले. जावई खाणीत कामाला आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत त्याने सायकलींचं दुकान काढलंय. मिस्त्री तिथे बसतात आणि हवा भरतात. हे मला मेहुण्यांनीच सांगितलं. त्यांच्या मनगटाला थंडीत कळ येते. ती आली की ते म्हणतात, "मिस्त्रीची आठवण आली." त्यांच्या मनात राग नाही. त्यांच्यासाठी ती एक जुनी गंमत झाली आहे.

मागच्या हिवाळ्यात मी कन्हानला गेलो. ट्रक घेऊनच गेलो. सांगायचं असं ठरवून गेलो होतो, आणि कामठीपर्यंत मनात वाक्यं जुळवत होतो. एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली. माझं प्रत्येक वाक्य 'थोडं' या शब्दाने सुरू होत होतं. थोडं माझ्याकडून, थोडं त्या दिवशी. त्या शब्दाशिवाय वाक्य करून बघितलं, ते तोंडात मावेना.

मिस्त्री वाळले होते, पण गाडीचा आवाज ऐकून उठून बाहेर आले. बॉनेटकडे त्यांनी तेव्हाही बघितलं नाही. विचारलं, "बसू का?" आणि चढून बसले. दोन बोटांनी स्टीअरिंग डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, मध्ये आणून थांबले.

"ढिल नाही जराबी," ते म्हणाले. "चांगली बसली हाय. कोनाच्या हातची?"

"तुमच्याच, मिस्त्री. तुम्ही दिलीत तेव्हापासून कोणी हात लावला नाही."

ते हसले. "उगीच मन नका राखू, साहेब. माया हातची असती तर आतापर्यंत सुटली असती."

आता बोलायचं, असं मला अगदी स्पष्ट वाटलं. तेवढ्यात एक बाई सायकल घेऊन आली, ते खाली उतरले आणि हवा भरायला लागले. भरून झाल्यावर त्यांनी व्हॉल्व्हचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. बाई निघाली तर तिला थांबवून एकदा अंगठ्याने तपासलं. ती म्हणाली, "बाबा, दर डाव काय पायता जी, लागलं ना." ते म्हणाले, "लागलं हाय. एक डाव पाहू दे." मी चहा पिऊन परत आलो.

त्याला आता चार महिने झाले. मी हे लिहितो आहे, पण लिहिलं म्हणजे सांगितलं असं मी धरत नाही. कागदावर रेघ ओढून गप्प बसायची मला सवय आहे, ती मी ओळखून आहे. बायकोला हे आज वाचायला देईन. ती काय म्हणेल हे मला ठाऊक नाही आणि त्यावर काही अवलंबूनही ठेवणार नाही.

मिस्त्रींनी विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर मी त्यांचं देणं लागतो: चारही नट तुम्ही पाइप लावून दोन-दोनदा कसले होते, मी पाहिलं होतं, आणि दसऱ्याच्या सकाळी ते मी सोडले. हे आधी कन्हानला त्यांच्या तोंडावर सांगायचं आहे, आणि मग वाडीत, जिथे त्यांनी हात जोडले तिथे, मेहुण्यांसमोर आणि त्या ड्रायव्हर लोकांसमोर सांगायचं आहे. अजून मी यातलं काहीही केलेलं नाही.